आप्पांचा डावा गाल

६ फेब्रुवारी

दादा,

आधी 'तीर्थरूप' लिहून तुझ्या पाया पडणार होतो. पण तू मला ओळखतोस, मी पाया पडलो की काहीतरी मागतो. म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

आप्पांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला. पट्टी सुटली, आता दिवसातून चार वेळा थेंब घालतो. डॉक्टर खूश आहेत. डोळ्यातून अजून पाणी गळतं आणि पापणी पुरती मिटत नाही, पण समोरच्या दुकानातल्या घड्याळजीचं असंच झालं होतं, तो म्हणाला चालतं. फोनवर सांगितलं असतं रे, पण आपण बोलायला लागलो की तिसऱ्या वाक्याला तुझा आवाज चढतो आणि चौथ्याला माझा, आणि आप्पा शेजारी कान टवकारून बसलेले असतात. त्यापेक्षा पत्र बरं.

आता खरी बातमी. आप्पांची दाढी मी करतोय. हो, मीच! ज्या माणसाने अख्खा जन्म लोकांच्या गालावर वस्तरा फिरवला आणि स्वतःच्या गालाला तुझ्याशिवाय कुणाला हात लावू दिला नाही, तो रोज सकाळी माझ्या दुकानात, माझ्या खुर्चीत मान मागे टाकून बसतो. डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून मी भसाभस पाणी मारत नाही, आधी प्री-शेव्ह तेल लावतो. माझी गिऱ्हाइकं या तेलावर जाम खूश आहेत. चार थेंब तळहातावर घ्यायचे, हात चोळून ऊब आणायची, गालात जिरवायचं आणि वरून हलका फेस. दादा, आप्पा चकार शब्द काढत नाहीत. 'ओढतोय' नाही, 'पाणी गार आहे' नाही, 'हात जड पडला' नाही. परवा डावा गाल करत होतो, तर अर्ध्या दाढीत घोरायला लागले.

तूही एक बाटली आणून बघ. इतकी वर्षं उगाच त्यांचा ओरडा खाल्लास.

आणखी एक. ही म्हणते की आप्पांना इथलं मानवलंय. मी त्यांना विचारलं, "आता इथेच राहा ना कायमचे." नाही म्हणाले नाहीत. "मार्चअखेर सांगतो," म्हणाले. तुला आधीच कळावं म्हणून लिहितोय, मागाहून बोल लावू नकोस.

वहिनीला नमस्कार.

तुझा,
बारक्या


११ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र दुकानात उघडलं. खुर्चीत गिऱ्हाईक होतं, त्याच्या गालावरचा फेस वाळून पापड झाला, इतका वेळ मी 'घोरायला लागले' या दोन शब्दांपाशी उभा होतो.

मला राग आलाय, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुला तो शोधत बसायला नको. आप्पांनी माझ्या हाताखाली कधी डोळा मिटला नाही. एकदाही नाही. आरशातून माझ्या मनगटाकडे बघत राहायचे. कोन जरा इकडेतिकडे झाला की "अं हं!" ब्लेड नवं असलं तरी "ओढतोय." दाढी झाल्यावर गालावर पालथा हात फिरवून कानाखालचा नेमका राहिलेला केस शोधून काढायचे आणि मला दाखवायचे. मी म्हणायचो, जाऊ दे, उस्ताद माणूस आहे, आपल्यालाच शिकवतो. आणि तू जातोस, चार थेंब तेल चोळतोस आणि ते घोरतात! मग मी इतकी वर्षं काय झक मारली?

तेलाचं ऐक आता. दाढीचा केस मऊ होतो तो पाण्याने. साबणाने तोंड धुवायचं, गरम टॉवेल ठेवायचा, ब्रशने फेस गोल गोल घोळवत बसायचा, घाई करायची नाही. हे मी तुला सांगायला नको, आपण दोघं एकाच स्टुलावर उभं राहून शिकलो. वरून तेल थापलं की केसात पाणी शिरत नाही, फेस बसत नाही आणि ब्लेडला चिकटा धरतो. गिऱ्हाइकाला वाटतं वा, काय गुळगुळीत! अरे, तो गाल गुळगुळीत नसतो, तेल गुळगुळीत असतं. बाटलीवाल्यांनी तुला बनवलंय आणि तू आप्पांना बनवतोयस.

माझ्यावर विश्वास नसेल तर परीक्षा घे. एक गाल तेलाचा, एक गाल नुसत्या गरम पाण्याचा आणि टॉवेलचा. कुठला कुठला ते आप्पांना सांगू नकोस. दाढी झाली की विचार. त्या माणसाच्या कातडीला जेवढं कळतं तेवढं तुझ्या माझ्या डोक्याला कळत नाही. ते काय म्हणतात ते जसंच्या तसं कळव, पदरचं घालू नकोस.

आणि कायमचं राहण्याच्या गोष्टी तू त्यांच्या डोक्यात भरवू नकोस. त्यांची खाट इथे आहे, त्यांची खुर्ची इथे आहे. गिऱ्हाइकं रोज विचारतात, म्हातारबा कधी येणार. मी सांगतो, डोळा बरा झाला की येणार. मला खोटं पाडू नकोस.

दादा


१९ फेब्रुवारी

दादा,

बस खाली. बसलास? घेतली परीक्षा.

तेल डाव्या गालाला लावलं. डोळा डावा ना, त्या बाजूला जितकं कमी पाणी तितकं बरं. उजव्या गालाला तुझं शास्त्र पुरं केलं: साबण, टॉवेल, ब्रश, सगळं साग्रसंगीत. ब्लेड दोन्हीला नवं कोरं. दोन्ही गालांना आधी केसांच्या दिशेने सुलटा हात, मग उलटा. आप्पांना काही सांगितलं नाही. झाल्यावर विचारलं, "कसं वाटलं?"

जसंच्या तसं लिहितो. म्हणाले, "उजवीकडे ओढतोय. डावीकडे तू हात फिरवलास का नाही तेच कळलं नाही."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी वर विचारलंसुद्धा, "आप्पा, उगाच माझं मन राखायला तर म्हणत नाही ना?" तर म्हणाले, "तुझं मन राखायला मी कशाला म्हणू? कळत नाही म्हणजे कळत नाही." दादा, उस्तादाच्या तोंडून यापेक्षा मोठी पावती काय पाहिजे? त्या दिवशी मी दिवसभर दुकानात हवेत होतो. हिने विचारलं, लॉटरी लागली का. मी म्हटलं, त्याहून मोठं.

तुझा राग मला कळतो. पण माझंही ऐकून घे, कारण तू कधी विचारलं नाहीस. दुकान तुला मिळालं, ते धाकट्याला मिळणार नव्हतंच, त्याचं मला काही नाही. पण आप्पाही तुलाच मिळाले. सकाळी शटर उघडताना तुम्ही दोघं, दुपारी डबा खाताना तुम्ही दोघं. मी सुट्टीला यायचो तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकांच्या गोष्टी काढून हसायचात आणि मला त्यातलं एक गिऱ्हाईक माहीत नसायचं. मी पाहुण्यासारखा चहा पिऊन परत. आता कुठे दोन महिने माझ्या वाट्याला आलेत आणि तुझ्या पोटात दुखायला लागलं.

बाकी ठीक. चहा पिताना ओठांच्या कडेने सांडतात, दोन शर्ट खराब केले. बोलणं थोडं कमी झालंय. वयच झालं आता. जेवण चांगलं आहे.

बारक्या


२५ फेब्रुवारी

बारक्या,

परीक्षा कशाला म्हणतात ते तुला शाळेतही माहीत नव्हतं. तीन दिवस तेल डावीकडेच? अरे शहाण्या, आप्पांच्या डाव्या गालावर केस मुळातच विरळ आहेत. उजव्या जबड्याखाली भोवरा आहे, तिथे केस चहूबाजूंनी उगवतात, तिथे देवाचा हात असता तरी ओढलं असतं. हे तुला माहीत नाही. मला माहीत आहे. तो गाल मी पाठ केलाय. तू कालचा आलास आणि मला पावत्या दाखवतोस.

बाजू बदल. डावीकडे नुसतं पाणी, उजवीकडे तेल. मग बघू तुझी लॉटरी.

आता माझी गंमत ऐक, हस पाहिजे तर. मी एक बाटली आणली. तुझ्या वहिनीपासून लपवून ड्रॉवरमध्ये, कंगव्यांच्या मागे ठेवलीय. चित्रकलेच्या मास्तरांवर करून पाहिलं, त्यांची दाढी म्हणजे तारेचा ब्रश. तेलावर फेस टिकेना, ब्लेड घसरलं आणि मास्तर म्हणाले, "आज काय पायाने करतोयस का?" मला इतका आनंद झाला! पण शिंप्याची कातडी कोरडी, दाढीनंतर नेहमी लाल चट्टे उठतात. त्याला उठले नाहीत. दोनदा केलं, दोन्ही वेळा उठले नाहीत. त्याने विचारलं, काय लावलंस? मी म्हटलं, काही नाही, हवा बदलली. खोटं बोललो मी, तुझ्या तेलाला चांगलं म्हणायचं जिवावर आलं म्हणून.

तू लिहिलंयस की माझ्या पोटात दुखतं. दुखतं. तुझ्या बायकोने तुझ्या वहिनीला फोनवर सांगितलं की आप्पा संध्याकाळी तुझ्या पोरीला शेजारी बसवून तिला ब्रशने फेस करायला शिकवतात. ते ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही. माझी दोन पोरं याच दुकानात मोठी झाली, त्यांना कधी ब्रशला हात लावू दिला नाही. "आधी झाडू मारा," म्हणायचे. तिथे जाऊन ते लोण्याचे झाले आणि इथे आमच्या वाट्याला कायम दगड. दगड तर दगड, पण आमचा होता ना.

मार्चअखेर मी घ्यायला येतो. ते काहीही म्हणोत.

दादा


९ मार्च

दादा,

उत्तराला उशीर झाला, कारण मला पुरता आठवडा घेऊन तुझं तोंड बंद करायचं होतं. तुझ्या हुकुमाप्रमाणे बाजू बदलली. उजवीकडे तेल, डावीकडे नुसतं पाणी.

आता ऐक मजा. डावीकडे तेलाचा थेंब नाही, तरी आप्पा म्हणतात, "काही कळलं नाही." रोज. उजवीकडे तेल लावूनही आता 'ओढतोय' म्हणतात, पण ती त्यांची जुनी सवय परत आलीय, आणि तुझा तो भोवरा. मी बराच विचार केला. माझं म्हणणं असं की आधीचे इतके दिवस तेल लावलं ते डाव्या गालाच्या कातडीत मुरलंय. आता नाही लावलं तरी गुण राहिलाय! उजव्या गालालाही महिनाभर लावलं की तिकडेही असंच होईल. बाटलीवाल्यांनासुद्धा हे माहीत नसेल. मी आता नेहमीच्या गिऱ्हाइकांना सांगणार आहे, महिनाभर लावा, मग कायमचं सुख.

पुरावा हवा? परवा ही मागून हाक मारत आली, माझं लक्ष उडालं आणि आप्पांच्या डाव्या गालावर ब्लेड बसलं. चांगलं बसलं, रक्त हनुवटीपर्यंत ओघळलं. म्हटलं आता आप्पा माझी सालटी काढणार. तर आप्पा खिडकीतून रस्त्याकडे बघत बसलेले! त्यांना पत्ताच नाही. मी गुपचूप तुरटीचा खडा ओला करून जखमेवर दाबला. तरी कपाळावर आठी नाही. मी टॉवेलने पुसलं आणि दाढी पुरी केली. आता एवढी गुळगुळीत दाढी तू तुझ्या आयुष्यात केलीस का, सांग.

आणि मार्चअखेरची वाट बघायला नको. आप्पांनी काल सांगितलं, "थोरल्याला कळव, मी इथेच राहतो." मी त्यांना भरीस घातलेलं नाही, हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. त्यांचे कपडे पाठवून दे. खाट नको, इथे आहे.

रागावू नकोस. रागावलास तरी कपडे पाठव.

बारक्या


२१ मार्च

दादा,

तू सुखरूप पोचलास असं वहिनीने कळवलं. तू इथे होतास तोवर मला काही बोलता आलं नाही. दवाखान्याच्या बाकावर आपण दोघं शेजारी बसलो, चहा प्यालो, आणि मी तुझ्या बुटांकडे बघत राहिलो. आता लिहितो.

माझं पत्र तुला मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुझा फोन आला. मी उचलताच म्हटलं, "बोल, हरलास ना?" तू ओरडला नाहीस. तू हळू आवाजात विचारलंस, "तुरटी लावलीस आणि ते गप्प बसले?" मी म्हटलं, "हो, तेच तर!" तू म्हणालास, "बारक्या, ताज्या जखमेवर तुरटी सगळ्यांना झोंबते. त्यांच्या डाव्या गालाला काही कळत नाहीये. चहा डावीकडूनच सांडतात का?" मी म्हटलं, हो. तू म्हणालास, "डॉक्टरकडे ने. आत्ताच्या आत्ता. ॲप्रन काढायला थांबू नकोस." आणि मी खरंच ॲप्रनसकट गेलो.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते तू येऊन ऐकलंसच. मेंदूत छोटी गुठळी, मागेच कधीतरी होऊन गेलेली. डावा गाल, डावा ओठ आणि डाव्या हाताची बोटं थोडी. पापणी मिटत नव्हती ती त्यामुळेच, मोतीबिंदूमुळे नाही. आणखी एक मोठी गुठळी येण्याच्या बेतात होती, म्हणाले. वेळेवर आणलंत, म्हणाले. 'आणलंत' मला उद्देशून म्हणाले आणि मी मान डोलावली, लाज नाही वाटली मला.

मी रोज त्या गालावरून हात फिरवत होतो, दादा. माझ्या बोटांखाली होता तो. आणि कळलं कुणाला, तर तुला, एवढ्या लांब, कागदावर वाचून! मी लहानपणापासून तुझा हेवा करत आलो, पण त्या दिवशी जसा जळलो तसा कधी जळलो नव्हतो. आप्पा वाचले याचा आनंद व्हायच्या आधी मला वाटलं, हेही यालाच कळलं. बघ, कसला माणूस आहे मी.

तू गेल्यावर मी आप्पांना विचारलं, "तुम्हाला कळत नव्हतं तर बोलला का नाहीत?" आधी नाही नाही म्हणाले. मग म्हणाले, "गाल सुन्न झालाय ते माझ्या कधीच लक्षात आलं होतं. पण तुझी पत्रं यायची जायची, तू मला वाचून दाखवायचा नाहीस पण मला कळायचं. दोघं माझ्या गालावरून भांडताय. मला बरं वाटायचं रे. सांगितलं असतं तर भांडण थांबलं असतं, आणि तुम्ही दोघंही शहाण्यासारखे वागायला लागला असतात." मी त्यांच्यावर इतका ओरडलो की नर्स आली.

आता पुढचं. त्यांना दोन-दोन आठवड्यांनी दाखवायचंय, वर्षभर प्रवास नको आणि दवाखाना जवळ हवा. म्हणजे आप्पा इथेच राहणार. मला हवं होतं तेच झालं आणि मला त्यात काडीची मजा नाही. आधी त्यांनी स्वतः माझ्याकडे राहायचं ठरवलं होतं, आता डॉक्टरांनी ठरवलंय. कोणाचं खरं मानू?

डाव्या गालाला रोज चोळून मालिश करायला सांगितलंय. ते मी करतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्यात, त्यामुळे साधं खरचटलं तरी रक्त लवकर थांबणार नाही. डॉक्टर म्हणाले, दाढी मशीनने करा. आप्पांनी डॉक्टरांकडे असं बघितलं की ते पुढचं वाक्य विसरले. तेव्हापासून दाढी केलेली नाही. माझा हातच धजत नाही. तू सांग, काय करू? तेल लावू की नको? आता खरं सांग, जिंकण्यासाठी नको.

तुझा,
बारक्या


३० मार्च

बारक्या,

खरं विचारलंस म्हणून खरं सांगतो. आठ दिवस मी स्वतःच्या तोंडावर करून बघितलं. तुझी ती परीक्षा नाही, नीट. एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे, आणि कुठल्या बाजूला तेल आहे ते तुझ्या वहिनीने ठरवायचं. तिनेच दोन्ही गालांवर काहीतरी चोळायचं, एकीकडे तेल, एकीकडे साधं पाणी, आणि मी डोळे मिटून बसायचं. ती म्हणाली, लग्नात हळद लावली तेव्हा एवढा शांत बसला नव्हता.

तेलाने केस मऊ होत नाही. ते मी पहिल्यापासून म्हणत होतो आणि ते बरोबर आहे. केस मऊ होतो गरम पाण्याने आणि दम धरल्याने, आणि ज्याने हे दोन्ही केलं त्याला जाड कातडीवर तेलाने फरक पडत नाही. पण जिथे कातडी पातळ आहे, कोरडी आहे, सुरकुतलीय, जसा गळा, जशी हनुवटीखालची घडी, तिथे ब्लेड सरकतं आणि खरवडत नाही. हेही खरं आहे. लिहिताना दात आवळले गेले, पण खरं आहे.

तर असं कर. गालाला खूप वेळ ओला गरम टॉवेल. डोळ्यावर कोरडा रुमाल धर. मग तेल, दोनच थेंब, पाणी पिऊन झालेल्या केसांवर. पाण्याच्या जागी नाही, पाण्यानंतर. त्यावर नेहमीसारखा फेस, पण घोळवून घोळवून, तेलात बसेपर्यंत. ब्लेड रोज नवं. फक्त सुलटा हात. उलटा हात बंद, गुळगुळीत गालाची हौस आता तू आणि मी दोघांनीही सोडायची. डाव्या बाजूला त्यांच्याकडून काही कळणार नाही, म्हणून तिथे त्यांच्या तोंडाकडे बघू नकोस, आपल्या बोटाकडे बघ. कातडी ताणून धर. आणि तुझ्या बायकोला सांग, ब्लेड हातात असताना हाक मारायची नाही. मशीन घरात आणलंस तर मी ते रस्त्यावर फेकून देईन.

तू लिहिलंस की तू जळलास. तुला काय वाटलं, मी नाही? तिथल्या वॉर्डात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो आणि त्यांनी पाणी मागितलं ते तुझ्याकडे बघून. मी पेला हातात घेऊन उभा होतो, आणि त्यांनी मान वळवली तुझ्याकडे. मी बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिलो. तुला वाटलं असेल विडी ओढायला गेलो.

आणि तुरटीचं. ते मला कळलं म्हणून तू मला मोठं करतोयस. तसं काही नाही. तू लिहिलंस त्यांना झोंबलं नाही, आणि माझं डोकं आधी काय म्हणालं सांगू? 'माझ्या हातून कापलं असतं तर बोंबलले असते, याच्या हातून कापलं तर चालवून घेतलं.' रात्रीचं जेवण न करता त्यावरच धुमसत बसलो. धुमसता धुमसता आठवायला लागलो, मी कधी तुरटी लावली तेव्हा ते काय काय बोललेत. आणि त्यातल्या एकाही वेळी ते गप्प बसलेले आठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळभर गिऱ्हाइकं करत होतो आणि तेच डोक्यात होतं. दुपारी फोन उचलला. मत्सर नसता ना बारक्या, तर मी तुझं पत्र घडी करून ठेवून दिलं असतं.

त्यांना ठेव तिकडे. दवाखाना जवळ आहे, तुझी पोर आहे, आणि त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, डॉक्टरांच्या आधी. तेच खरं मान. कपडे पाठवतोय. दुकानातली त्यांची खुर्ची मी कुणाला देणार नाही, पण त्यासाठी त्यांना परत मागणारही नाही. मला हे लिहायला सोपं गेलेलं नाही, तीन कागद फाडले.

पण एक माझं ऐकायचं. दर सोमवारी दुकान बंद असतं. मी पहाटेच्या गाडीने निघेन, दहापर्यंत तुझ्याकडे पोचेन. डॉक्टर म्हणतात गालाची जाणीव हळूहळू परत येऊ शकते, कदाचित उन्हाळ्यात, कदाचित नाही. ती परत यायचीच असेल तर सोमवारी यावी, एवढीच माझी इच्छा आहे. मालिश तुझी, औषध तुझं, मंगळवार ते शनिवार दाढीही तुझी. सोमवार माझा.

आणि रविवारीही त्यांच्या गालाला हात लावायचा नाही. मला दोन दिवसांची वाढलेली पाहिजे.

दादा